निरोप निघाला, पण पोहोचला कोणाला?



गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या शेजारच्या चाळीतील एक ताई घरी आल्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी मुलाला संगणकाच्या पदविकेपर्यंत शिकविले. मुलगा आता एका कंत्राटदाराकडे कामाला आहे आणि त्या कंत्राटदाराने त्याच्याकडे एका मोठ्या कंपनीची सर्व्हर रूम सांभाळायला दिली आहे. ताई दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच आता त्याला काहीतरी सांगा. रात्रभर त्याचा मोबाईल वाजतो. पोरगं दचकून उठतं, बघतं, परत आडवं होतं. परवा रात्री त्यानं आवाजच बंद करून टाकला. आणि त्याच रात्री तिकडं काय ते बंद पडलं. सकाळी साहेबाचा फोन, नोकरी जाईल म्हणून. आता माझ्या पोरानं झोपायचं का नाही?"

आम्ही बी.कॉम. झालेलो, कारकुनी करणारे. खतावणी व पगारपत्रक हा आमचा प्रांत. यंत्रांच्या बाबतीत आम्ही काही तज्ज्ञ नाही. परंतु या एका विषयाने आम्हाला आमच्या कचेरीत असा काही धडा दिला आहे, की ताईंचे बोलणे ऐकताच आम्ही म्हणालो, "ताई, त्याला संध्याकाळी पाठवा. त्याची चूक आहे, पण ती झोपण्याची नाही."

आज आपल्या वस्त्यावस्त्यांतून शेकडो मुले-मुली संगणकाची जाळी सांभाळण्याच्या कामात आहेत. कोणी बँकेत, कोणी रुग्णालयात, कोणी कॉल सेंटरात. बहुतेक कंत्राटावर. ही मुले रात्री मोबाईल उशाशी घेऊन का झोपतात, हे त्यांच्या आईवडिलांना समजले पाहिजे. आणि त्या मुलांनाही आपले काम नीट करता आले पाहिजे. म्हणून या वेळच्या सदरात हा विषय घेतला आहे.

यंत्राला तोंड फुटले

आमचे वडील गिरणीतले. ते सांगत, भोंगा वाजला की सारे गिरणगाव उठायचे. भोंगा कोणा एकासाठी नव्हता. ज्याची पाळी आहे तो उठायचा, ज्याची नाही तोही कूस बदलायचा. निरोप सर्वांना मिळायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या आणि भोंगेही थांबले.

आजच्या यंत्राचा भोंगा निराळा आहे. सर्व्हर रूममध्ये मोठ्या कपाटाएवढे यूपीएस असते. वीज गेली की त्याच्या बॅटऱ्या संगणकांना वीज देतात. या यूपीएसच्या पाठीमागे तळहाताएवढे एक कार्ड बसविलेले असते. त्याला नेटवर्कची वायर जोडतात. त्याला स्वतःचा पत्ता असतो, स्वतःचा पासवर्ड असतो. वीज किती दाबाने येते, बॅटरी किती भरली आहे, भार किती आहे, किती मिनिटे पुरेल, हे सर्व ते पाहत असते. त्याला एक छोटी वायर जोडून खोलीतील तापमान व दमटपणाही मोजता येतो. म्हणजे माणूस घरी आणि यंत्र कचेरीत असले, तरी तेथील खबर मिळू शकते. यालाच दुरून देखरेख म्हणतात.

ही खबर दोन तऱ्हांनी मिळते. पहिली तऱ्हा मुकादमाच्या हजेरीसारखी. मध्यवर्ती संगणक दर पाच मिनिटांनी प्रत्येक यंत्राला विचारतो, "कसे आहेस?" आणि यंत्र उत्तर देते. दुसरी तऱ्हा म्हणजे कोणी न विचारता यंत्राने स्वतःहून हाक मारणे. वीज गेली, तापले, बॅटरी संपत आली, की यंत्र आपणहून निरोप धाडते. या दोन्हीसाठी सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना समजेल अशी एक बोली ठरलेली आहे. तिचे नाव सिम्पल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, म्हणजे एसएनएमपी. ती १९८८ साली अमेरिकेत ठरली. यंत्राला विचारायचे तर १६१ क्रमांकाच्या दारावर आणि यंत्राची हाक ऐकायची तर १६२ क्रमांकाच्या दारावर, हा नियम तेव्हापासून आजतागायत चालू आहे. या हाकेला ‘ट्रॅप’ म्हणतात.

आता यातली मेख लक्षात घ्या. ट्रॅप हा साध्या टपालासारखा आहे. पेटीत टाकला, निघाला. पोहोचला की नाही हे टाकणाऱ्याला कळत नाही. पूर्वी आपण महत्त्वाच्या अर्जासाठी रजिस्टर टपालाला पोचपावती जोडत असू. तशी पोचपावती मागणारा निरोपही या बोलीत १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आला, त्याला ‘इन्फॉर्म’ म्हणतात. परंतु कित्येक ठिकाणी अजूनही साधा ट्रॅपच चालू असतो, आणि यंत्र मुकाट आहे म्हणजे सर्व काही ठीक आहे, असे समजून माणसे निर्धास्त राहतात. मेलेले यंत्रही मुकाटच असते! म्हणून हाक आणि हजेरी, दोन्ही ठेवावे लागतात. हाकेने बातमी लवकर कळते, हजेरीने हाक मारणाराच पडला असल्यास ते कळते.

१ मेच्या सुट्टीत काय घडले

आता आमच्या कचेरीची गोष्ट. २०२३ साली १ मेला सोमवार होता. शनिवार, रविवार आणि सोमवार अशी तीन दिवसांची सलग सुट्टी आली. आम्ही सारे आपापल्या गावी, लग्नकार्यांना गेलो. कामगार दिनाची सुट्टी नव्हती ती फक्त दारावरच्या दोन कंत्राटी पहारेकऱ्यांना. एक सकाळी ८ ते रात्री ८, दुसरा रात्री ८ ते सकाळी ८.

शनिवारी २९ एप्रिलला सर्व्हर रूमचा एसी बंद पडला. खोली तापू लागली. यूपीएसच्या कार्डाने आपले काम चोख केले. तापमान मर्यादेबाहेर गेल्याचे पाहून त्याने आत शिट्टी सुरू केली आणि ई-मेलही धाडला. तो ई-मेल गेला कोणाला? तर २०२१ साली सेवानिवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याला! कार्ड बसविले तेव्हा त्यांचा पत्ता त्यात भरला होता. ते गेले, त्यांची पेटी बंद झाली, परंतु यंत्रात त्यांचेच नाव राहिले. यंत्र बिचारे दोन वर्षे एका बंद दारावर निरोप टाकत होते.

रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने शिट्टी ऐकली. खोलीची किल्ली त्याच्याकडे नव्हती. दारावर चिकटविलेल्या नंबरला त्याने फोन लावला. तो नंबरही त्याच निवृत्त अधिकाऱ्याच्या टेबलावरचा. मग त्याने रजिस्टरमध्ये लिहिले, "रात्री ८.३०. सर्व्हर रूममधून आत्ता शिट्टीचा आवाज येऊ लागला. दारावरील नंबर लावला. कोणी उचलत नाही." म्हणजे यंत्राचा निरोप आणि माणसाचा निरोप, दोन्ही एकाच रिकाम्या खुर्चीपाशी जाऊन थांबले.

मंगळवारी कचेरी उघडली तेव्हा दोन हार्ड डिस्क कायमच्या गेल्या होत्या. एप्रिलचे पगारपत्रक नव्याने करावे लागले. आमचा पगार लांबला तो लांबलाच, परंतु ज्यांचे घर रोजच्या रोज चालते त्या सफाई कामगारांच्या हातात पैसे पडायला १७ तारीख उजाडली.

आणि दोष कोणावर आला? निवृत्त माणसाचा पत्ता यंत्रात तसाच ठेवणाऱ्यांवर नाही. दोष आला दिवसपाळीच्या पहारेकऱ्यावर. साहेबांनी यंत्रातील नोंदवही काढली. तीत लिहिले होते, २९ एप्रिल, १४.५०, तापमान जास्त. म्हणजे दुपारचे २ वाजून ५० मिनिटे. साहेब म्हणाले, "दुपारी पावणेतीनपासून शिट्टी वाजत होती. रात्रीचा माणूस आल्याबरोबर ऐकतो आणि हा पाच तास काय करत होता? झोपला होता!" त्याला कामावरून बंद केले. तो शपथेवर सांगत होता, की साहेब, माझ्या पाळीत आवाज नव्हता. परंतु यंत्राच्या नोंदीपुढे पहारेकऱ्याच्या शब्दाला किंमत ती किती?

यंत्राचे घड्याळ कोणत्या गावचे?

कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे थोडे काम आम्ही करतो. त्या नात्याने आम्ही नोंदवहीची प्रत मागून घेतली. कागद घरी आणला, तीन रात्री वाचला, काही उमगेना. तेव्हा ताईंचा हाच मुलगा पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याला बोलावले. जयभीम करून तो बसला, कागद वर-खाली पाहिला आणि म्हणाला, "काका, मंगळवारी २ तारखेला पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी कोणीतरी यंत्रात लॉगिन केल्याची नोंद आहे. पहाटे पाचला तुमच्या ऑफिसात कोण आलं होतं?"

आम्ही म्हणालो, "पहाटे कोण येणार? साहेबांनीच यंत्र उघडून पाहिले, ते पावणेअकराच्या सुमाराला. आम्ही समोर होतो."

मुलगा हसला. "मग काका, हे घड्याळ कोणत्या गावचं आहे?"

गाव होते ग्रीनिच! यंत्रात जागतिक वेळ भरलेली होती. आपली भारतीय वेळ त्याच्यापुढे साडेपाच तास. ५.१० मध्ये साडेपाच तास मिळवा, १०.४० होतात. म्हणजे साहेबांनी लॉगिन केले ती वेळ. आणि १४.५० मध्ये साडेपाच तास मिळवा, २०.२० होतात. म्हणजे रात्रीचे ८ वाजून २० मिनिटे! दिवसपाळीचा माणूस ८ वाजता घरी गेला होता. रात्रीच्या माणसाने दहा मिनिटांत नोंद केली होती. दोघेही खरे बोलत होते. यंत्रही खोटे बोलत नव्हते. फक्त त्याला आपली वेळ कोणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही साहेबांना विनंती केली, की आत्ता सर्वांसमक्ष यूपीएसची चाचणी घ्या व नोंद पाहा. भिंतीवरील घड्याळात ११.१० झाले होते. यंत्राने नोंद केली ५.४०. साहेब काही बोलले नाहीत. पहारेकरी ९ दिवसांनी परत कामावर आला. त्या ९ दिवसांची मजुरी मात्र त्याला मिळाली नाही. आजतागायत नाही.

पुढे चौकशी केली तेव्हा समजले, की केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजीच निर्देश काढले होते. त्यात सरकारी संस्था व कंपन्या यांनी आपल्या संगणक यंत्रणांची घड्याळे एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात, असे स्पष्ट म्हटले होते. भारताची प्रमाणवेळ ही प्रयोगशाळाच राखते. यंत्रात एक पत्ता भरला की ते स्वतःहून वेळ जुळवून घेते. पाच मिनिटांचे काम. त्या पाच मिनिटांच्या आळसापायी एका घरची चूल थंड झाली असती.

ओरड किती आणि केव्हा?

आता ताईंच्या मुलाची अडचण. आमच्या कचेरीत निरोप कोणालाच मिळत नव्हता, आणि याला इतके मिळत होते की त्याने कानच बंद करून घेतले. त्या रात्री त्याच्या मोबाईलवर ६३ मेसेज आले होते. शेवटचा मेसेज होता, बॅटरी संपत आली. तोच तेवढा खरा होता. त्याच्या आधीचे ६२ कसले? बहुतेक सारे असे : तापमान २७ च्या वर गेले. तापमान २७ च्या खाली आले. वर गेले. खाली आले.

आम्ही त्याला विचारले, "अरे, तू मर्यादा किती ठेवलीस?" म्हणाला, "२७." २७ चुकीचे नाही. अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांची अश्रे नावाची संस्था आहे, ती संगणक यंत्रांच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान असावी असे सांगते. परंतु खोलीचे तापमान २७ च्या काठावरच रेंगाळत असेल, तर ते एका रात्रीत कितीदा तरी ही रेघ ओलांडणार आणि प्रत्येक वेळी मोबाईल वाजणार.

यावरचा उपाय जुनाच आहे. दुरून देखरेखीसाठी ‘आरमॉन’ नावाचे जे प्रमाण १९९१ साली ठरले, त्यात तो सांगितलेला आहे. रेघ एक नको, दोन हव्यात. वरची रेघ ओलांडली की यंत्राने एकदा ओरडायचे. मग तापमान खालच्या रेघेच्या खाली उतरेपर्यंत त्याने पुन्हा त्याच कारणासाठी ओरडायचे नाही. म्हणजे वरची २७ व खालची २५ ठेवली, तर काठावरच्या चढउताराला यंत्र भीक घालीत नाही. रडणाऱ्या लेकराला एकदा उचलले की ते पुरते शांत होईपर्यंत आई त्याला खाली ठेवत नाही, तसाच हा प्रकार.

दुसरा उपाय म्हणजे निरोपांची प्रतवारी. कोल्हापूरकरांना हे शिकवायला नको. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आहे आणि ४३ फुटांची धोका पातळी. ३९ ला माणसे सामान आवरायला घेतात, ४३ ला घर सोडतात. दोन्हींना एकच भोंगा वाजविला तर लोक घरही सोडणार नाहीत आणि सामानही आवरणार नाहीत. संगणकाच्या नोंदींची ‘सिसलॉग’ म्हणून जी पद्धत आहे, तीत तर ० ते ७ अशा आठ पायऱ्या आहेत. ० म्हणजे आणीबाणी, १ ताबडतोब कृती हवी, २ गंभीर, ३ चूक, ४ इशारा, ५ लक्ष द्यावे असे, ६ नुसती माहिती आणि ७ दुरुस्ती करणाऱ्यासाठी बारीकसारीक तपशील. आमच्या समजुतीप्रमाणे ० ते २ साठी माणसाला झोपेतून उठवावे. ३ व ४ सकाळी पाहावे. बाकीचे वहीत राहू द्यावे. मुलाच्या यंत्रात सर्वच पायऱ्या मोबाईलला जोडलेल्या होत्या. कोणी लॉगिन केले तरी मेसेज, बॅटरीची नेहमीची चाचणी झाली तरी मेसेज!

तिसरा उपाय थोडे थांबण्याचा. वीज दोन सेकंद गेली आणि आली, तर त्यासाठी माणसाला उठविण्याची गरज नसते. बॅटरी तेवढ्यासाठीच असते. १५ ते ३० सेकंद वीज नसेल तरच निरोप धाडावा, असे यंत्रात भरता येते. परंतु बॅटरी संपत आल्याचा निरोप मात्र एक क्षणही थांबवू नये.

निरोप कोणाच्या नावे?

मुलाबरोबर त्या संध्याकाळी बसून आम्ही एक यादी केली. ती येथे देतो. जी मुले या कामात आहेत त्यांनी ती कापून जवळ ठेवावी.

पहिली गोष्ट, निरोप माणसाच्या नावे नको, कामाच्या नावे हवा. माणूस बदली होतो, निवृत्त होतो, आजारी पडतो. म्हणून ‘सर्व्हर रूम पाळी’ अशा नावाची ई-मेल पेटी करावी आणि तीत त्या त्या वेळी जे कामावर असतील त्यांची नावे जोडावीत. माणूस गेला की त्याच दिवशी नाव काढावे, नवीन घालावे.

दुसरी गोष्ट, एकाने दहा मिनिटांत उत्तर दिले नाही तर निरोप दुसऱ्याकडे गेला पाहिजे, दुसऱ्याने दिले नाही तर तिसऱ्याकडे. आणि तिसरे नाव साहेबांचे असावे. सर्व भार एका कंत्राटी मुलाच्या उशाशी ठेवून वरचे सारे घोरत पडले, तर त्याला व्यवस्था म्हणत नाहीत.

तिसरी गोष्ट, निरोप ज्या वाटेने जातो ती वाट पाहावी. यूपीएसचे कार्ड नेटवर्कच्या वायरीतून बोलते. ती वायर ज्या स्विचला व राउटरला जाते ते जर साध्या विजेवर असतील, तर वीज गेल्याबरोबर तेच आधी बंद पडतात. मग वीज गेल्याचा निरोप बाहेर पडणार कसा? आग लागली आणि बंबाला फोन करायचा तर फोन त्याच जळत्या खोलीत, अशी गत होते. स्विच व राउटर त्याच यूपीएसवर जोडावेत. जमल्यास सिमकार्डावर चालणारी दुसरी वाट ठेवावी.

चौथी गोष्ट, चाचणी. अशा बहुतेक कार्डांत चाचणीचा निरोप धाडण्याची सोय असते. महिन्यातून एकदा तो धाडावा. आणि ‘पाठविला’ असे यंत्र म्हणते त्यावर समाधान मानू नये. पलीकडच्या माणसाला फोन करून विचारावे, की बाबा रे, मिळाला का? आमच्या कचेरीत दोन वर्षांत एकदा जरी असे विचारले असते तर पुढचे सारे टळले असते.

पाचवी गोष्ट, घड्याळ. ती आम्ही वर सांगितलीच आहे.

सहावी गोष्ट, कुलूप. या यंत्रांच्या जुन्या बोलीत परवलीचा शब्द कारखान्यातून येताना ‘पब्लिक’ असा असतो, आणि यंत्रात बदल करण्याचा शब्द ‘प्रायव्हेट’. साऱ्या जगाला हे ठाऊक आहे. तो शब्द न बदलणे म्हणजे कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवून ठेवणे. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील कॅमेरे, राउटर अशी असंख्य यंत्रे ताब्यात घेतली, ती कारखान्याचे मूळ पासवर्ड वापरूनच. म्हणून पासवर्ड बदलावा आणि शक्य असेल तेथे एसएनएमपीची तिसरी आवृत्ती वापरावी. ती २००२ पासून प्रमाण मानली गेली असून तीत नाव, पासवर्ड व मजकूर गुप्त ठेवण्याची सोय आहे.

सातवी गोष्ट, दारावरचा माणूस. ही यंत्राच्या पुस्तकात सापडणार नाही, ती आम्ही घालतो. पहारेकरी, सफाई करणाऱ्या बाया, शिपाई हे यंत्राच्या सर्वांत जवळ असतात. शिट्टी वाजली तर कोणाला फोन करायचा, हे त्यांना सांगितलेले असावे. तो नंबर चालू असावा. आणि त्यांनी रजिस्टरमध्ये केलेली नोंद कोणीतरी रोज वाचावी. त्या रात्री सर्वांत खरी आणि सर्वांत स्पष्ट नोंद ही यंत्राची नव्हती, सातवी शिकलेल्या पहारेकऱ्याची होती. त्यात वेळ होती, जागा होती, काय घडले ते होते आणि काय केले तेही होते.

आईवडिलांसाठी दोन शब्द

पालकांनी आपल्या मुलाला एकच प्रश्न विचारावा. रात्री निरोप आल्यास काय करायचे, हे तुला लेखी दिलेले आहे का? पाळीची यादी लेखी हवी. रात्री उठून कामावर गेलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी विश्रांती मिळेल की नाही, हेही लेखी हवे. तोंडी सांगितलेले सारे हे काही बिघडले की हवेत विरते, आणि शेवटी दोष सर्वांत खालच्या माणसाच्या गळ्यात येतो. आमच्या पहारेकऱ्याच्या बाबतीत हेच झाले. ताईंच्या मुलाच्या बाबतीतही तेच होऊ घातले होते.

आणि मुलांनो, तुम्हीही एक गोष्ट करा. यंत्राची मर्यादा बदलली, कोणाचे नाव घातले किंवा काढले, चाचणी घेतली, की तारीख-वेळेसह वहीत लिहा. साहेबांना एक ओळीचा ई-मेल करा. आम्ही कारकून लोक कागदाला जपतो म्हणून आम्हाला हसतात. परंतु अडचणीच्या वेळी कागदच माणसाच्या बाजूने बोलतो.

त्या मुलाने साहेबांकडे काय झाले ते प्रांजळपणे लिहून दिले. मेसेज का वाढले, कोणत्या मर्यादा बदलायला हव्यात, दुसरे व तिसरे नाव कोणाचे असावे, हे सारे एका पानावर. कंपनीने त्याला ठेवले. दुसरे नाव घातले. तिसरे घालायला अजून तयार नाहीत. त्यासाठी त्याने पुन्हा लिहावे, असे आम्ही सांगितले आहे.

परवा ताई नळावर भेटल्या. आम्ही विचारले, "काय ताई, मोबाईल वाजतो का अजून?"

"वाजतो की," ताई म्हणाल्या. "पण आठवड्यातून एखाद्या वेळी. आणि वाजला की तो उठतो."

तेव्हा बंधू-भगिनींनो, तुमच्या कचेरीत, कारखान्यात, मुलांच्या शाळेत, वस्तीतील दवाखान्यात अशी निरोप देणारी यंत्रे असतील. त्यांच्याजवळ जाऊन एवढेच विचारा, की हा निरोप आज कोणाच्या नावे जातो? आणि तो माणूस आज त्या खुर्चीवर आहे का? उत्तर मिळाले तर उत्तमच. न मिळाल्यास त्याच दिवशी अर्ज लिहायला बसा.